परत करायचा टीव्ही

लेन कुचिन्स्कीच्या हिशोबात खर्चाची बाजू कोरी होती. जमेला मात्र बरंच काही होतं. साठ इंची टीव्ही, महिनाभर; फुटबॉलच्या बाद फेऱ्या आणि शेवटचा मोठा सामना; गल्लीतल्या लोकांनी तळघरात येऊन, लेनच्या सोफ्यावर बसून, लेनचंच कौतुक करणं; आणि या सगळ्याहून मोलाचं म्हणजे सासऱ्याचं तोंड बंद होणं. त्यासाठी द्यायचं काय, तर काहीच नाही. टीव्ही विकत घ्यायचाच नव्हता. आणायचा, बघायचा, आणि मुदत संपायच्या आत दुकानात नेऊन 'घरच्यांना आवडला नाही' म्हणायचं.

यात लेनने नवा शोध लावला होता असं नाही. अमेरिकेत, आमच्या एरी सरोवराकाठी हा रिवाज जुना आहे. सामन्याआधी मोठमोठे टीव्ही दुकानातून वाजतगाजत बाहेर पडतात आणि सामना झाला की सासरी न पटलेल्या लेकींसारखे खाली मान घालून परत येतात. समोरच्या ओल्गा हॅव्रिलाकने तर एकदा नाताळचं झाड जानेवारीत परत नेलं होतं, 'वाळलं' म्हणून, आणि दुकानाने पैसे दिले होते. मी गल्लीतल्या निम्म्या घरांचे आयकराचे कागद भरून देतो, त्यामुळे कोण कुठे किती वाचवतो ते मला न विचारता कळतं. लेनइतक्या नेटाने वाचवणारा दुसरा मी पाहिला नाही.

टीव्ही आणला त्या दिवसापासून त्याने तो नवाच ठेवला. कडांवरची प्लास्टिकची झिल्ली काढली नाही. खोक्याच्या पट्ट्या वाफ देऊन सोडवल्या, म्हणजे पुन्हा चिकटवता येतील. माहितीपुस्तिका पाकिटातच. वायरी जुन्या टीव्हीच्या. रिमोटबरोबर आलेलं बॅटऱ्यांचं पाकीटसुद्धा फोडलं नाही, कारण दुकानातली पोरं आधी तेच बघतात. मग रिमोट चालायचा कशावर? तळघराच्या जिन्याच्या पायथ्याशी भिंतीवर एक पांढरी डबी होती. घर तापवणाऱ्या भट्टीचा विषारी वायू घरात साठला तर किंचाळायचं, एवढंच तिचं काम. तिच्यातल्या बॅटऱ्या नेमक्या त्याच मापाच्या निघाल्या. लेनने त्या काढून रिमोटमध्ये घातल्या. एका महिन्याचा तर प्रश्न, असं त्याने स्वतःला सांगितलं. आम्हाला कोणाला सांगितलं नाही.

तसे आमच्या गल्लीत मोठ्या पडद्याचे मालक आणखीही होते, आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं. ते टीव्ही म्हणजे आत्ताच्यासारखी भिंतीवरची चित्रं नव्हेत. कपाटं होती, कपाटं. खाली तीन नळ्या, पाठीमागे आरसा, आणि आतून पडद्यावर फेकलेलं चित्र. कोपऱ्यावरच्या मिलोशच्या टीव्हीचे तीन रंग एकमेकांना सोडून गेले होते. प्रत्येक खेळाडूच्या मागे एक लाल आणि एक निळा खेळाडू धावायचा, आणि मिलोश म्हणायचा, "एकाच तिकिटात तिप्पट माणसं बघतो मी." ओल्गाच्या टीव्हीचं चित्र बसूनच दिसायचं, उभं राहिलं की अंधार. तिच्या घरी पाहुण्यांना पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, वाढताना ती गुडघ्यांवर चालायची, म्हणजे तिचंही काही चुकायचं नाही. एवढं असून यांतल्या एकाही मालकाच्या तोंडून वाकडा शब्द नाही. विचारलं की एकच उत्तर: "पण पडदा बघा ना केवढा!"

लेन राहायचा ते घर मुळात सासऱ्याचं. वॉल्टर, म्हणजे लेनच्या बायकोचे, डोरीनचे वडील. मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला. लग्नानंतर थोडे दिवस म्हणून डोरीन आणि लेन इथे आले ते इथलेच झाले, आणि घरजावयाला जे ऐकावं लागतं ते लेन रोज ऐकत होता. वॉल्टरची जीभ तिखट आणि डोकं त्याहून. पत्ते खेळायला बसले की पडलेलं प्रत्येक पान त्यांच्या लक्षात. माझ्या हातात काय आहे हे मला कळायच्या आधी त्यांना कळायचं.

टीव्ही तळघरात लागला त्या दिवशी ते हातातली लोखंडी टोकाची काठी टेकत खाली आले, खुर्चीत बसले आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"जावईबापू, टीव्ही सुरेख आहे. कोणाचा आहे?"

"आपलाच आहे, वॉल्टर."

"मग त्याला प्लास्टिक कशाला? पावसात न्यायचाय?"

डोरीन तोंड फिरवून हसली. वॉल्टर उठले, टीव्हीच्या मागे गेले आणि काठीने पाठीवर टकटक केलं.

"अरे, हा तर आत पोकळ! वरचा अर्धा म्हणजे नुसतं रिकामं खोकं."

"आत आरसा असतो," लेन म्हणाला. "आरशावरून चित्र येतं."

"मग तू आतच जाऊन बस. तुझा आवडता माणूस दिसेल तुला."

सगळे सामने झाले. शेवटच्या सामन्याला तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. लेनचं भरपूर कौतुक झालं आणि वॉल्टरचं तोंड काही बंद झालं नाही. पण खरी काळजी पुढे सुरू झाली. महिनाभर रात्रंदिवस एकच खेळाचा चॅनल लावून ठेवल्यामुळे पडद्याच्या तळाची गुणांची पट्टी तिथेच भाजून राहिली. डोरीन स्वयंपाकाचा कार्यक्रम लावायची तर सूपच्या पातेल्यावरून गुण सरकलेले. दुकानातल्या पोराने टीव्ही लावून बघितला की संपलं! म्हणून लेनने परत करायला मुदतीचा शेवटचा दिवस निवडला, शनिवार दुपार. दुकानात गर्दी इतकी की कोणी लावून बघत नाही.

त्या शनिवारी बर्फ गुडघ्याएवढं होतं. मला ढकलायला बोलावलं होतं.

आता त्या घराचा जिना समजून घ्यायला हवा. बाजूच्या दारातून आत आलं की एक चौकोनी ओटा. तिथून वर स्वयंपाकघर, आणि खाली, एक वळण घेऊन, तळघर. तळघरात जायला-यायला तेवढाच रस्ता. खिडक्या वॉल्टरनेच कधीकाळी काचेच्या जाड विटांनी बुजवून टाकल्या होत्या. चोर नको आणि थंडी नको. गल्लीत सगळ्यांनीच तसं केलंय. टीव्ही आणला तेव्हा दुकानाच्या माणसांनी तो जिन्यावरून अलगद खाली सोडला होता. खाली जाताना वस्तू स्वतः मदत करते. वर येताना तीच वस्तू वैर धरते.

"लेन, अजून दोन माणसं बोलाव," डोरीन म्हणाली.

"माणसं बोलावली की बिअर पाजावी लागते. पिकअपला काही पाजावं लागत नाही."

बेत असा: टीव्हीला जाड पट्टा बांधायचा, पट्टा जिन्यावरून बाजूच्या दारातून बाहेर काढायचा आणि दाराशी मागे घेतलेल्या पिकअपला अडकवायचा. लेन गाडीत. मी आणि डोरीन खालून ढकलणार. वॉल्टर खुर्चीत बसून अक्कल शिकवणार.

टीव्ही चाकांवरून जिन्याच्या पायथ्याशी नेला. तिथेच भट्टी आणि गॅसचा बंब शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा धूर एकाच पत्र्याच्या नळातून चिमणीत जातो. वळवताना टीव्हीचा कोपरा कुठेतरी थडकला आणि पत्रा वाजला.

"काहीतरी वाजलं," वॉल्टर म्हणाले.

"घर जुनं आहे, वॉल्टर. वाजतंच."

"घर जुनं आहे, पण वाजलं आत्ता."

लेनने लक्ष दिलं नाही. त्याला दुकान गाठायचं होतं. तो वर गेला, गाडी सुरू झाली, पट्टा ताणला, आणि ते कपाट पाठ वर करून, पडदा आमच्याकडे करून, एक एक पायरी चढायला लागलं. मी आणि डोरीन खांदा लावून खाली. माझ्या नाकासमोर तो काळा पडदा आणि त्यात मी. प्रत्येक पायरीला ते किंचित मागे यायचं. पट्टा तुटला तर आम्ही दोघं भिंत आणि टीव्हीच्या मध्ये पापडासारखे होणार होतो.

वळणावर त्याची वरची कड छताच्या उतारात घुसली.

"थांब!" डोरीन ओरडली. "लेन, थांब! अडकलाय!"

गाडीत बसलेल्या माणसाला तळघरातलं काय ऐकू येणार? त्याला वाटलं गाडी कमी पडतेय. त्याने पाय दाबला. लाकूड करकरलं, छताचा गिलावा आमच्या डोक्यावर पडला आणि बंदुकीसारखा आवाज करून पट्टा तुटला.

मी डोळे मिटून घेतले होते. काही आलं नाही अंगावर. उघडून बघतो तर टीव्ही जागच्या जागी. खालचा जड भाग पायऱ्यांत रुतलेला, वरचा छताखाली. बाटलीला बूच बसावं तसा जिन्यात घट्ट. कडेने उजेडाच्या दोन रेघा तेवढ्या येत होत्या.

वरून लेनचा आवाज आला. "पडद्याला काही झालं का?"

"आम्हाला काही झालं नाही," डोरीन म्हणाली. "विचारल्याबद्दल आभारी आहे."

"अगं, तसं नाही... थांबा तुम्ही. हलू नका. गॅरेजवरून जॅक घेऊन येतो. कडेला लावून जरासा सरकवला की सुटेल."

"हलतो कुठे!" वॉल्टर खुर्चीतून ओरडले. "जावईबापू, येताना सँडविच आणा! इथे वस्ती करायची वेळ आलीय!"

"आणि दार लावून जा," डोरीन म्हणाली, "गारठा येतोय सगळा."

दार लागलं. गाडी गेली. इतका वेळ उघड्या दारामुळे वरचं घर गारठलं होतं, त्यामुळे भट्टीने भप्प करून पेट घेतला आणि ती पेटलेलीच राहिली. ऊब बरी वाटली. आम्ही तिघं हसलोसुद्धा. वॉल्टरने पत्ते काढले आणि भट्टीजवळच्या आपल्या खुर्चीत, मांडीवर ताट ठेवून, एकट्याचा डाव मांडला.

लेनला वेळ लागत होता. डोरीनचं डोकं दुखायला लागलं. "या माणसाशी लग्न केलं त्या दिवसापासून दुखतंय," ती म्हणाली. माझंही दुखत होतं. मी ते खांदा लावल्याच्या खात्यावर टाकलं. मग थोडी मळमळ. ती दुपारच्या सॉसेजच्या खात्यावर. प्रत्येक गोष्टीला खातं सापडत होतं, म्हणून भीती वाटत नव्हती. नुसती झोप येत होती. जड, गोड, उबदार झोप. वॉल्टरची बडबड कधी थांबली, ते आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

डोरीन उठून त्यांच्या खांद्यावरून पत्ते बघायला गेली आणि तिथेच थबकली.

"पप्पा, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"बदामाच्या दश्शीवर चौकटची नव्वी लावलीत. लालवर लाल. काळी लागते ना!"

वॉल्टर पानांकडे बघत राहिले. मग लहान मुलासारखे हसले. "बरोबर तर आहे," ते म्हणाले.

तीस वर्षं मी या माणसाशी पत्ते खेळलो. झोपेत, तापात, बायकोला पुरून आल्याच्या संध्याकाळीही त्यांचं पान चुकलं नव्हतं. मी उठायला गेलो आणि पाय माझे राहिले नाहीत, गुडघ्यांवरच आलो.

"हर्ब," डोरीन हळू म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, भट्टीच्या वर बघत होती. "हर्ब, तो नळ बघ."

पत्र्याचा नळ चिमणीच्या भोकापासून सुटून बाजूला लोंबत होता. मध्ये चांगली वीतभर मोकळी जागा. भट्टीचा सगळा धूर इतका वेळ आमच्याबरोबर बसला होता.

डोरीन भिंत धरत धरत त्या पांढऱ्या डबीपाशी गेली. बटण दाबलं. डबी मुकी. तिने झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

तेवढ्यात गाडी आली, दार उघडलं. "आणला!" लेनचा आनंदी आवाज. "जॅक आणला!"

"लेन, अलार्मच्या बॅटऱ्या कुठे आहेत?"

वरची पावलं थांबली.

"लेन!"

"रिमोटमध्ये," लेन म्हणाला.

डोरीनने रिमोट शोधला. तिची बोटं ऐकत नव्हती. एक बॅटरी हातातून निसटून सोफ्याखाली गेली आणि ती पालथी पडून हात घालून चाचपत राहिली. मी बघत होतो, आणि उठून मदत करावी हे मला सुचत होतं पण जमत नव्हतं. शेवटी बॅटऱ्या बसल्या. डबीने एकदा श्वास घेतला आणि जी किंचाळायला लागली ती थांबेना. आवाज दातांत घुसत होता.

"भट्टी बंद कर!" डोरीन ओरडली. "आणि अग्निशामक दलाला फोन कर!"

भट्टीचा खटका वर स्वयंपाकघराच्या दाराशी होता. लेन धावला; भट्टी विझली. बंबाच्या गॅसची तोटी मी रांगत जाऊन आडवी केली. पण हवा तीच होती, जायला जागा नव्हती. दोन फटींतून येईल तेवढीच नवी.

"फोन केलास?"

"डोरीन, ऐक जरा." लेनचा आवाज गयावया करत होता. "भट्टी झाली ना बंद? मग आता नवीन काही येणार नाही. ते लोक आले की सरळ कुऱ्हाडी घालतात. मी जॅक लावतोय. दोन मिनिटं दे मला."

"लेन, फोन कर."

"दोनच मिनिटं!"

आणि जॅकचा आवाज सुरू झाला. कट्, कट्, कट्. एकीकडे ती डबी किंचाळतेय, आणि तिच्या खालून तो सावकाश, काळजीपूर्वक, ओरखडा न पडेल असा आवाज. आयुष्यात मी बरंच काही ऐकलं असेल, पण त्या कट्-कट्‌इतकं भयंकर काही नाही. वर एक माणूस आमचा आणि टीव्हीचा, दोघांचाही जीव वाचवू बघत होता, आणि दोन्ही एकदम कसे वाचतील ते मोजत होता.

वॉल्टरच्या मांडीवरून ताट घसरलं. पत्ते पसरले. त्यांची मान छातीवर आली.

मी हत्यारांच्या फळीवरून पाना उचलला आणि खिडकीच्या काचेच्या विटेवर घातला. आतली काच फुटली. वीट पोकळ, पलीकडे दुसरी काच, आणि तिच्यापलीकडे बर्फाचा ढीग. पुन्हा हात उचलला तो खांद्याच्या वर जाईना. पाना पडला. मी भिंतीला पाठ लावून बसलो आणि मला वाटलं, आता इथेच बसावं, बरं वाटतंय. ते बरं वाटणं आठवलं की अजून हातपाय गार पडतात.

डोरीन जिन्यापाशी उभी होती. समोर साठ इंची काळा पडदा, आणि त्यात ती, मागे मी, त्याच्या मागे खुर्चीत मान टाकलेले तिचे वडील. आम्ही तिघं त्यात अगदी लहान दिसत होतो, दूर कुठल्यातरी खोलीतली माणसं असावीत तसे. तिने वॉल्टरची काठी उलटी धरली आणि लोखंडी टोक पडद्यात घातलं.

पहिल्या घावाला पडदा नुसता आत गेला आणि बाहेर आला. दुसऱ्याला मोठा आवाज झाला, चीर पडली.

कट्-कट् थांबलं.

"अगं! अगं काय करतेस?" वरून लेन किंचाळला. "आज परत करायचाय तो!"

डोरीन क्षणभर थांबली. फक्त क्षणभर. वर बघितलं नाही. मग तिसरा घाव घातला आणि पडद्याची फाटलेली पानं हाताने ओढून काढायला लागली. आत खरोखरच पोकळ होतं, वॉल्टर म्हणाले होते तसं. त्या पोकळीच्या टोकाला तिरपा आरसा, आणि आरशातून विस्कटलेल्या केसांची एक बाई काठी उगारून तिच्यावर चालून येत होती. डोरीनने तिलाही मारलं. आरसा कोसळला. त्याच्यामागे पातळशी फळी राहिली आणि तिच्या कडेने उजेडाची बारीक रेघ.

काठी तिच्या हातातून सुटली. पायऱ्यांवरून खडखडत खाली आली. तिच्यामागून डोरीन बसली, आधी पायरीवर, मग आडवी.

"डोरीन?" लेन म्हणाला.

डबी किंचाळत होती.

"डोरीन? अगं, बोल ना. डोरीन!"

मग जॅक ओट्यावर आपटल्याचा आवाज आला, आणि त्याच्यानंतर त्याच्या दांड्याचे घाव. एक, आणि दुसरा. बस्स, एवढेच. ती पाठीची फळी म्हणजे स्वस्त कपाटाच्या पाठीला लावतात तसला पातळ पुठ्ठा होता. दुसऱ्या घावाला फाटून आत आली. आमच्या आणि हवेच्या मध्ये इतका वेळ तेवढंच होतं. जिथे महिनाभर खेळाडू धावत होते तिथून लेनचं डोकं आलं, मग हात, आणि त्याच्यामागून अशी गार हवा की छातीत सुरी जावी. आरशाच्या तुकड्यांवर कोपर टेकत, रक्ताने भिजत, त्याने डोरीनला त्या खोक्यातून ओढून बाहेर नेलं. परत आला. मी खालून ढकललं म्हणण्यापेक्षा वॉल्टरच्या पायांना धरून लोंबलो, आणि त्याने वॉल्टरना ओढलं. मग मला.

बाहेर बर्फात आम्ही ओळीने पडलो होतो. डोरीन खोकत होती, म्हणजे होती. फोन शेवटी ओल्गाने केला, अलार्मचं किंचाळणं ऐकून. अग्निशामक दलाचे लोक कुऱ्हाडी घेऊन आले आणि त्यांना तोडायला काही उरलं नव्हतं.

दवाखान्यात आम्हा तिघांना प्राणवायू लावला. मी आणि डोरीन लवकर सुटलो. वॉल्टर सर्वांत शेवटी, पण ठणठणीत. घरी आल्या आल्या म्हणाले, "जावईबापू, पुढच्या वर्षी रेडिओ आणा. त्यातून बाहेर पडता येत नाही, पण आतही अडकत नाही." लेन रडत रडत हसला. आम्हाला वाटलं, निभावलं.

तीन-एक आठवड्यांनी एका सकाळी ते दोन्ही बूट एकाच पायाशी धरून बसलेले डोरीनला दिसले. कुठला बूट कुठे, हे त्यांना कळत नव्हतं. म्हाताऱ्या माणसात या वायूचा मार कधीकधी असा उशिरा वर येतो, डॉक्टर म्हणाले. काहींचं परत येतं. वॉल्टरचं आलं नाही.

मी अजून रविवारी जातो. पत्ते वाटतो. ते पानं हातात धरतात, चित्रं बघतात. लेन त्यांच्यासाठी सूप घेऊन येतो, गळ्याला रुमाल बांधतो, फुंकर घालून चमचा पुढे करतो. वॉल्टर अदबीने मागे सरकतात.

"साहेब, तुम्ही टीव्ही न्यायला आलात का?" त्यांनी परवा विचारलं. "आमच्या जावयाला विचारावं लागेल. येईलच तो एवढ्यात."

"येईल," लेन म्हणाला, आणि चमचा तसाच धरून बसला.

आता बाकी काढायची तर अशी निघते. टीव्हीचं धूड रस्त्याच्या कडेला कचऱ्याच्या गाडीची वाट बघत पडलं होतं तेव्हाही कडांवरची झिल्ली शाबूत होती. दुकानाचा टीव्ही विकला गेला, दुकानाचं काही बुडालं नाही. त्याचे दोन हजारांहून जास्त डॉलर लेन हप्त्याने फेडतोय, व्याजासकट. न फोडलेलं बॅटऱ्यांचं पाकीट डोरीनने फोडलं आणि त्या डबीत घातल्या. 'आज परत करायचाय तो' याबद्दल ती नवऱ्याला कधी एक शब्द बोलली नाही. फक्त आपली गादी वडिलांच्या खोलीत नेली, रात्री त्यांना उठावं लागतं म्हणून, आणि ती तिथून परत आली नाही. राहिलं सासऱ्याचं तोंड बंद होणं. लेनच्या यादीतली तेवढी एक गोष्ट त्याला कायमची मिळाली. तिचे पैसे वॉल्टरने भरले.